चोवीस व्होल्ट

कॅटलॉगातला माणूस हिरवळीवर बसलाय,
दात दाखवत, मांडीवर कुत्रं.
आमच्या गल्लीत हिरवळ नाही.
गटारीवर कडाप्पा टाकलाय, तोही तिरपा,
आणि कुत्री आहेत ती कुणाच्या मांडीवर बसत नाहीत.

रत्नानं दाराची चौकट मापली,
आधी लाटण्यानं, मग टेपनं.
सव्वीस इंच. खुर्ची पंचवीस.
दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच.
एवढ्या फटीतनं मी तारा ओढल्यात, म्हणालो.
ती हसली नाही.

तीन वर्षांमागं शिबिरात मिळालेली तीनचाकी
अंगणात आहे, चेन गंजलेली.
बॅनर मात्र चांगला होता,
अजून पापड वाळवायला अंथरतो.

धुळ्याच्या दुकानात पोरगा म्हणाला, काका, एकदम स्मूद.
मी म्हणालो, बॅटरी दाखव.
लेड-ॲसिड की लिथियम? किती अँपिअर-अवर?
पारोळ्यात पत्र्याखाली मे महिना काढेल का?
लाईट गेली अर्ध्या चार्जिंगला, तर?
तो मालकाला फोन लावत बाहेर गेला.
पंधरा वर्षं खांबावर होतो रे बाबा,
कमरेखालची लाईन बंद आहे माझी,
वरची चालू.

बसून तर पाहा, म्हणाला.
काठी अंगठ्याएवढी. पुढं लोटली.
वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या यांच्या मधनं
भिंतीपर्यंत गेलो
आणि वळलो.
नऊ वर्षांत पहिल्यांदाच
खुर्ची चालू असताना
मला रत्नाचं तोंड दिसलं.
तिचे हात तसेच होते हवेत,
मुठी वळलेल्या,
मूठ नसलेल्या हवेला धरून.

एक लाख अठरा. आखाजीपर्यंत एक लाख बारा.
लिथियम सोडली.
लेड-ॲसिड बसस्टँडवरचा इन्व्हर्टरवाला बदलून देईल,
लिथियमला पुण्याची वाट पाहावी लागते.
ठेकेदारानं दिलेल्यातले उरलेले एक्केचाळीस.
उडदाच्या पापडांचे नऊ.
बहिणीनं बारा पाठवले,
फोनवर म्हणाली, यंदा आखाजीले मले साडी नको.
राहिले पन्नास.

पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात.
एक शालक. दुसऱ्याचं नाव
आम्ही दोन दिवस एकमेकांना विचारत होतो.
तिसऱ्या दिवशी हिलाल आला,
न बोलावता, चपला पार गल्लीत काढून.

त्या दिवशी खाली स्विचपाशी तो होता.
मी वर.
त्यानं ओरडून सांगितलं होतं, बंद शे.

नऊ वर्षं आम्ही नमस्कारापुरते.
आधार कार्डाची झेरॉक्स त्यानं घडी करून आणली होती,
घामानं ओली.
सही केली. मग 'कर्जदाराशी नाते'
या रकान्यापाशी थांबला,
चहा थंड होईस्तोवर.
लिख, हेल्पर, मी म्हणालो.
पेन उमटेना,
त्यानं दोनदा गिरवलं.

चोवीस हप्ते, चोवीसशेचे.
वर भटू दोधू पाटील, खाली तो.
एखादा हप्ता चुकला तर नोटीस
पहिली त्याच्या दारात जाणार,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक,
आणि का कोण जाणे, दोघंही जरा सैल बसलो.

आखाजीच्या सकाळी टेम्पो आला.
पोरं झोके सोडून बघायला.
चौकटीला डावीकडं एक ओरखडा उठला,
बाकी निघाली.
रत्ना सवयीनं मागं आली चार पावलं,
मग घरात गेली. चुलीवर खापर तापत होतं.

ओट्यावरची म्हातारी नऊ वर्षं
रत्नालाच विचारायची,
कोठे ली चालनी वं याले?
आज तिनं डोळ्यांवर हात धरला,
मला पाहिलं, मागं कुणी नाही ते पाहिलं.
कोठे चालना रे, भटू?

उत्तर काही तयार नव्हतं.
आठेच, म्हटलं,
आणि काठी लोटली
तिरप्या कडाप्प्याकडं.