निळा कोट

रात्री साडेअकराला कूलरचा पंप बंद केला,
त्याच्या घरघरीत तिचं काही ऐकू येईना.
मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला
आणि तीस वर्षांनी ती पोरगी
पुन्हा बर्फातून चालत आली,
दीपगृहाच्या पायऱ्या मोजत,
मागे तिचा एका कानाचा कोल्हा.

तेव्हा हिंदीत बोलायची.
आता जपानीत बोलते, आवाज बारीक,
पाण्यात बुडवलेल्या घंटीसारखा,
मला वाटतं, ही दुसरीच कोणी.
मग ती शिंकते.
शिंक तीच आहे.

पाचपावलीत शटरचा टीव्ही एकट्या सोनकुसरे काकूंकडे.
रविवारी सकाळी आम्ही अकरा पोरं
मागाच्या खोलीत, रिळं सरकवून, मांडी घालून.
"पाय धून बसा रे, धागा खराब होईन."
मे महिना. बाहेर डांबर चपलेला चिकटून येतंय
अन् आत बर्फ पडून राहिला.
बर्फ कोणता, मुंग्या कोणत्या,
ते टिनावर चढलेल्या गुणवंताच्या हातात:
"आलं का?"
"नाही."
"आता?"
"होतं! आत्ता होतं! तिथंच थांब!"
गुणवंतानं ती मालिका कधीच पाहिली नाही.

रंग वैजूताई सांगायची.
टीव्ही काळापांढरा, पण तिला दिसायचे.
"कोट नारंगी आहे तिचा.
मृगाच्या संत्र्यासारखा नाही, आंबियाच्या."
कोल्हा?
"गुळाच्या चहाचा."
समुद्र?
समुद्र आमच्यात कोणीच पाहिला नव्हता.
ती जरा थांबली.
"अंबाझरीसारखा. पलीकडचा काठ काढून टाकलेला."

शेवटच्या भागाला लाईट गेली.
दीपगृहाचा दिवा विझतो, ती कंदील उचलते,
पहिल्या पायरीवर पाय,
आणि काचेत एक पांढरा ठिपका
आकसत गेला, आकसत गेला.
तो गेल्यावरही आम्ही बसून होतो.

त्या वर्षी बाबा भिवंडीला गेले होते, यंत्रमागावर.
रात्री गच्चीवर, ओल्या चादरीखाली, ताई म्हणाली,
"मी पाहिला शेवट. मंगळवारीत लाईट होती.
बाप येतो तिचा. नावेतून.
दाढी वाढलेली असते त्याची,
पण कोल्हा ओळखतो."
मी लगेच झोपलो.

आज पाहिलं.
कोट निळा आहे,
नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा.
कोल्हा जवळजवळ पांढरा.
आणि नाव येत नाही.
ती वर जाते, काच पुसते, दिवा लावते,
खिशातला पाव मोडून
मोठा तुकडा कोल्ह्याला देते.
मग नावं वर सरकत राहतात,
एकही मला वाचता येत नाही, तरी सगळी पाहिली.

तेव्हाच आठवलं,
लाईट गेली तेव्हा ताई माझ्या शेजारीच होती.
दुपारभर काकूंच्या कांड्या भरत होती,
बोटांना पिवळा रंग.
मंगळवारीत गेलीच कधी?

सव्वाबाराला फोन लावला.
बुटीबोरीला असते ती आता, पाळी सुटून नुकतीच आलेली.
"काय झालं?"
"काही नाही. तो कोट निळा होता."
"कोणाचा?"
मी सांगितलं.
बराच वेळ तिकडचा पंखा ऐकू येत राहिला.

"जाय ना बे," ती म्हणाली,
"नारंगीच होता."