सहा मिनिटं

भडगावच्या अलीकडे, जामद्याच्या पाटाला लागून
एक लिंबूबाग, आणि तिच्या पंपघराच्या भिंतीत
निखळलेल्या विटेएवढं खबदाड.
तिथं दयाळाची जोडी.
नराच्या पायात लाल कडं, मादीच्या पिवळं.
मी रोजंदारीवर. पहाटे चारला बॅटरी घेऊन निघायचं,
बाभळीआड बसायचं, वेळ लिहायची.

उन्हाळ्यात खान्देश त्या घटकेलाच तेवढा माणसात असतो.
पाचला दगड अजून गार,
साडेदहाला त्यावर भाकर भाजावी.

लाल कड्याचा तारेवर बसून गातो.
सात चाली. सरांनी टेपवर मोजल्यात.
पाटापल्याड निंबावर हिरव्या कड्याचा,
त्याच्या अकरा.
त्यातली एक तर पाटकऱ्याच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल,
म्हातारा तोताराम दोनदा फसून
फाटक उघडायला धावला.

बारा एप्रिल.
४:५२ मादी बाहेर. पाटावरून,
पाण्याला पोट टेकेल इतकी खाली.
४:५८ परत.
रकाने तीनच: वेळ, दिशा, चोचीत काय.
चोचीत काही नव्हतं.
का गेली, याला रकाना नाही.

खबदाड चांगलं होतं. साप पोचत नाही, ऊन पोचत नाही.
ते तिनंच निवडलेलं.
आणि कानही तिचेच होते.

पिल्लं चार.
एकेकाला मी तळहातावर धरलं, सरांनी सुई टोचली,
राईएवढं रक्त.
चौघांचीही धडधड माझ्या अंगठ्यात शिरली, सारखीच.
जूनमध्ये पुण्याहून कागद आला:
तीन लाल कड्याची, चौथं हिरव्याचं.

सरांनी अहवाल मराठीत केला, मला उतरवायला दिला.
पहिल्याच पानावर "मादीचा व्यभिचार".
पेन अडलं.
हा शब्द मी कागदावर पहिल्यांदा पाहत होते.
ऐकला मात्र होता.
चारला बॅटरी घेऊन निघणाऱ्या बाईला
गल्लीतल्या ओट्यांवरून तो ऐकू येतो,
पुरता कुणी उच्चारत नाही.
उखर्डू चहा करून झाकून ठेवतो.
कुठं, किती वेळ, विचारत नाही.
विचारावं, असं कधीकधी वाटतं मला.

"बिचाऱ्याला कळलं तर?" सर हसत म्हणाले.
तोताराम तंबाखू मळत होता.
"त्याले काय करनं शे, सायेब?
चोच उघडी दिसनी, का पोऱ्या त्यानाच."

असेल.
पण नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे:
बारा एप्रिल, ५ ते ६, नर गायला नाही.
तारेवर बसून. शेपूट वर, खाली.

अहवालात त्या शब्दाची जागा मी कोरी सोडली आहे.
सरांनी अजून विचारलं नाही.

आणि सात मे, ६:१०.
लाल कड्याचा ओल्या वाफ्यातून आला.
चोचीत अळी, हिरवी, वळवळती.
चौथ्याला दिली.
त्याचीच चोच सगळ्यांत मोठी उघडते.