सातवा शब्द

खात्याच्या परीक्षेचं गाईड, पान एकोणीस,
सातवा शब्द: एनॉर्मस.
अर्थ: खूप मोठे.
वाक्य: द एलिफंट इज एनॉर्मस.

बेचाळिसाव्या वर्षी शिकतोय.
नववीतली सायरा माझी मास्तरीण.
खाटेवर ती, खाली मी,
मधे कुलरचा खडखडाट
आणि तिच्या हातात टोक केलेली पेन्सिल.

पहिले दोन दिवस तोंडातून नॉर्मलच यायचं.
नॉर्मल माहितीतलं आहे,
मायच्या शुगरच्या रिपोर्टवर असतं,
डॉक्टर फेगडे चष्म्यावरून बघत म्हणतात ते.
"बाबा, हे त्याच्या कुंपणाबाहेरचं," सायरा म्हणाली.
तिला झांबरे बाईंनी सांगितलेलं असणार.

मग मी ड्यूटीवरून येताना वाक्यं आणू लागलो
डब्यात उरलेल्या भाकरीसारखी.
दीपनगरची चिमणी इज एनॉर्मस.
– ती टॉल.
भुसावळचं ऊन इज एनॉर्मस.
– उन्हाला तो शब्द लागत नाही.
का लागत नाही? सत्तेचाळीस होतं काल.
– नाही लागत, बाबा.
सावद्याच्या साडूनं पाठवलेला केळीचा घड:
तिनं वाकून पाहिला, एक केळं सोललं,
म्हणाली, बिग. फार तर ह्यूज.

बायको चुलीवर भरताची वांगी फिरवत होती.
"म्हंजे कितलं मोठं झालं का लागते ते?"
पोरीनं उत्तर दिलं नाही. मलाही नव्हतं येत.

आपल्याकडे बरं असतं.
मोठं घर, मोठा भाऊ, मोठी आई,
मोठ्या साहेबांची मोठी सही,
एकच शब्द, घरातल्या एकुलत्या सायकलीसारखा,
ज्याला लागेल त्यानं न्यावा.
आणि अगदीच पुरेना झाला
तर जीभ टाळूला दाबून ठ वर जरा उभं राहायचं:
मोठ्ठं.
हातात पिशव्या नसतील तर हात पसरायचे.
झालं.

हत्ती मी एकदाच पाहिलाय.
सर्कशीची गाडी यार्डात अकरा नंबरला लागलेली,
वाघिणीत हत्ती,
सोंड आत ओढून घेतलेला, पायाशी चावलेला ऊस.
मोठा नव्हता वाटला.
दाराच्या फटीतून एक डोळा दिसत होता,
सुपारीएवढा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाईट होती.
शंटिंगला दोन बफरांच्या मधे वाकून जावं लागतं,
हूक उचलायला.
जागा हातभर. खांदा तिरका केला
की मावतो माणूस.
इंजिन पार तिकडे, दिसत नाही.
दिसतो दिवा, तो आपल्याच हातातला,
आणि छातीवरच्या सेटमधून कुणीतरी म्हणत असतं,
तडवी, बॅक, बॅक, अजून बॅक.
चौदा साली याच लाईनवर
यादव सोनवणे मावला नाही.
त्याचा डबा तीन दिवस केबिनच्या खिळ्याला होता.
आत काय असेल ते सगळ्यांना वासावरून कळत होतं,
काढला कुणी नाही.

सकाळी हातपाय धुऊन वहीत लिहिलं:
द गॅप इज एनॉर्मस.

सायरानं वाचलं. पेन्सिल ओठाला लावली.
"कुठली गॅप?"
दोन डब्यांच्या मधली.
"केवढी असते?"
मी दोन तळवे समोरासमोर धरले.
एवढी.
"मग ती नॅरो," ती म्हणाली
आणि खोडलं, नीट, पट्टी लावून.

मी खोडू दिलं.

पेपरात हत्तीच लिहिला, गाईडातला,
एका मार्काला पुरेल एवढा.