चालतं

शनिवारी दुपारी तीनपासून
सायकलवाल्याच्या मागच्या खोलीत मी पंच असते.
एरवी दाताच्या दवाखान्यात बिलं करते.
नाव यास्ना मार्तिनिच. पणजोबा बोटीने आले तेव्हा
आडनावावरची छोटीशी रेघ
बंदरातल्या कारकुनाने खाल्ली,
ती अजून परत मिळालेली नाही.

पुन्ता अरेनासमध्ये दार उघडलं
की आधी वारा आत येतो, मग माणूस.
त्या दिवशी वाऱ्यामागून एलिसेओ बार्रिया आला,
खेकड्यांच्या कारखान्यातून थेट,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा पोटाशी धरून.
"ही चालतात का?"
जुन्या नोटा घेऊन बँकेत आलेली माणसं विचारतात
तेवढ्याच हळू.

नव्या प्रकारात शेवटचे सहा संच चालतात, म्हटलं, बघू या.
समुद्रसर्प. नाही.
मिठाचा व्यापारी. नाही.
तीन आंधळे खलाशी. छे, यांना तर
त्यांच्या काळातही बंदी होती.
तो मान हलवत राहिला,
किती दाढा काढायच्या ते ऐकणाऱ्यासारखा.

मग दीपस्तंभाची राखणदारीण निघाली.
कडा झिजून पांढऱ्या, पाठीचा निळा रंग
आताच्या निळ्याहून गडद,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीने: एर्मिनिओ.
"भाऊ," तो म्हणाला. "त्याचं नव्हतं. नुसतं नाव घातलं."

ही चालते.
मागच्या वर्षी पुन्हा छापलीय,
आणि नाव तेच असेल तर पहिली छपाईही चालते.
पाकीट तेवढं काळं लाव,
पाठ ओळखू येता कामा नये.
दुकानाचा तयार गठ्ठा दिला, त्यातलं एक काढून
त्याने तिला आत घातलं आणि
पिसताना तीनदा थांबून बघितलं, दुमडली तर नाही ना.
आणखी एक सांगायचं होतं मला.
तेवढ्यात फेरी सुरू झाली.

समोर मिलेन्का उल्योआ, वय तेरा,
नखांवर उडालेला हिरवा रंग.
दहाव्या मिनिटाला तिचा हात वर: "पंच!"
एलिसेओने राखणदारीण मांडली होती
आणि बोट ठेवून वाचत होता:
शत्रूचं एक जहाज त्याच्या बंदरात परत पाठव.
छापलेलंच आहे, म्हणाला. तूच बघ.

छापलेलं होतंच.
पण कार्डावर काय छापलंय ते धरत नाहीत,
सगळ्यात नवा मजकूर धरतात.
मी वहीतून वाचला:
कोणतंही एक जहाज मालकाच्या हाती परत जातं,
मालकाची इच्छा असेल तर.

"माझी नाहीये," मिलेन्का म्हणाली,
उद्धटपणे नाही, जेवण नको म्हणावं तसं.
तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला.
"आणि माझं?"
तुझं चालेल.
तळ फुटलेलं, तीन वार झेललेलं एक जहाज होतं त्याचं,
ते त्याने दोन बोटांनी उचललं
आणि हातात धरून बसला.
नंतर दोन डावांत हरला.

आधीच सांगायला हवं होतं, मी म्हणाले.
तो कार्ड पाकिटातून काढत होता.
"लहानपणी हिच्या जोरावर
तो माझी सगळी जहाजं घरी धाडायचा.
मी रडायचो.
आता कालामाला असतो, खाणीत. एकोणीस वर्षं झाली."
थोडं थांबून:
"म्हणजे आता त्याला जमणार नाही?"
तू हो म्हटलंस तर जमेल.
"असं झालंय होय," म्हणाला,
आणि पावतीच्या मागे नवा मजकूर लिहून घेतला,
दोनदा विचारून, शब्दन् शब्द.

झाडताना टेबलाखाली तीन आंधळे खलाशी सापडले.
पडले की टाकले, कोण जाणे.
सोमवारपासून दवाखान्यातल्या खणात आहेत,
पावत्यांच्या खाली.
त्यांचं काय करायचं ते
वहीत कुठेच दिलेलं नाही.