चौदा एकवीस

सियागंजात जफरभाईंनी
टायरच्या कुशीवर बोट ठेवलं:
चौदा एकवीस.
चौदावा आठवडा, साल एकवीस.
"ताई, ही याची जनमपत्री."

नक्षी तर शाबूत होती.
खाचेत रुपया उभा केला, चांगला बुडला.
मग बदलायचा कशाला?

त्यांनी अंगठ्यांनी रबर वाकवलं.
बारीक भेगा उघडल्या,
टाचेला पडतात तशा.
"उभ्या गाडीचं लवकर सुकतं."

मी काही बोलले नाही.
मल्हारगंजात, जिन्याखाली,
निळ्या चादरीवरची धूळ
तीन वर्षं झटकत होते.
हवा भरायचं सुचलंच नव्हतं.

नवा बसवला, बाण बघून.
हवा सकाळी, टायर थंड असताना:
मागे डबल सीटला बत्तीस,
एकट्याला अठ्ठावीस.
मी अठ्ठावीस लिहून घेतलं.

नव्या रबराला केस होते.
उपटायला लागले तर म्हणाले,
राहू द्या, हे जावळ
रस्ताच काढतो.
पहिले शंभर किलोमीटर तेवढं
वळणावर झुकू नका.

भेरूघाटाच्या तिसऱ्या वळणाला
मीटरवर एकोणनव्वद होते.

झुकले.