दोन वाजून सतरा

पुन्हा दोन वाजून सतरा मिनिटांवर घड्याळ थांबलं.
बाण पडद्याच्या मध्यावर, हलवावा तर हलेना.
मी कॅप्स लॉक दाबलं
(आमच्या धंद्यात नाडी अशीच बघतात),
हिरवा ठिपका उजळला नाही.
म्हणजे गेला.
बटण दाबून धरायचं, चार, पाच, सहा,
की पंखा घरघरत परत येतो
जसं काही झालंच नव्हतं.

लॅपटॉप ननुली मास्तरणीचा,
कुताइसीच्या शाळेनं मोडीत काढलेला.
विंडोजचं ओझं पेलेना, म्हणून मीच त्यावर लिनक्स चढवलं,
'आता पळेल बघा' असं बोलूनही बसलो.
ती त्यात नवऱ्याच्या वह्या उतरवते आहे:
ओतियाच्या मधमाश्या, एकोणीस पेट्या, बत्तीस वर्षं,
कुठल्या वसंतात बाभळीचा पांढरा फुलोरा किती दिवस टिकला.
तिचं गाऱ्हाणं साधं होतं.
"ओळ लिहिते. पुढचा शब्द लागत नाही म्हणून थांबते.
त्याचं अक्षर म्हणजे माशी शाईत पाय बुडवून चाललेली.
वर बघते, तर हा दगड."

मी संशयितांना एकेक करून बोलावलं.
रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं दात घासले.
रात्रभर मेमरीची परीक्षा घेतली, चुका शून्य.
पंख्यातून अर्धं मांजर निघालं.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, कर्नल आधी मागचा, मग पुढचा,
चार्जर शेजारच्या जुम्बेरकडून उसना आणला.
दर वेळी एक दिवस बरा जायचा
आणि तो एक दिवसच मला मूर्ख बनवायचा.

लॉग उघडला.
शेवटची ओळ वायफायची, अगदी निरागस,
त्याखाली कोरं.
कशाला अडखळलो ते लिहून
कुणी पडत नाही.

नवव्या रात्री हात टेकले आणि नुसता बघत बसलो.
तेव्हा दिसलं.
व्हिडिओ लावून ठेवला, तर पहाटेपर्यंत जागा.
गणितांना जुंपला, पोळेपर्यंत तापवला, ठणठणीत.
झाकण उघडं टाकून चहा करायला उठलो
तर परत येईतो गेलेला.
कामात कधीच नाही. उसंतीत.

प्रोसेसरही झोपतो,
दोन अक्षरांमधल्या फटीत सुद्धा.
त्याच्या झोपेला पायऱ्या असतात, एकीखाली एक,
आणि ह्या जातीचा एखादा
तळाच्या पायरीवर उतरतो
नि वर यायची वाट विसरतो.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा वीज रात्री तासभर यायची,
कधी, ते कुणालाच ठाऊक नसे.
आई, आमच्या भाषेत देदा,
दिव्याचं बटण चालूच ठेवून कपड्यांनिशी आडवी व्हायची.
पापण्यांवर उजेड पडला की ताडकन उठायची,
पाव भट्टीत, धुणं यंत्रात, माझ्या शर्टावर इस्त्री.
तिला गाढ झोपलेली मी पाहिली
ती थेट दोन हजार सहा साली, भर दुपारी, खुर्चीत, तोंड उघडं.
घाबरून नाकाशी बोट धरलं होतं.

सुरू होतानाच्या आज्ञेला मी एक शेपूट जोडलं:
पहिल्या पायरीखाली उतरू नये.

"म्हणजे आता हा नीट झोपणारच नाही?"
नाही. बॅटरी तासभर आधी संपेल, मांडी थोडी तापेल.
"हिवाळ्यात बरंच की," म्हणत तिनं तो शालीत गुंडाळला
आणि टेबलावर चेस्टनटच्या मधाची बाटली ठेवली,
कडू, काळा. पैशांचं नाव नाही.

अकरा दिवस झाले.
बरा झाला असं मी म्हणत नाही,
अकरा दिवस झाले एवढंच म्हणतो.

आज सकाळी तिचा फोन. पोटात गोळा आला.
"अठ्ठ्याऐंशीच्या वहीत एक शब्द आहे,
त्यात ह आहे की प, तुझे डोळे तरुण, बघ जरा."
आमच्या लिपीत ही दोन्ही अक्षरं जुळी भावंडं.
गिऱ्हाईक ताटकळलंय, आणि मी फोटो मोठा करून
ओतियाच्या माशीचा माग काढतो आहे.
मला प वाटतोय.