पस्तीस इंची

ओडगेरच्या गॅरेजात कॉफी मिळते,
काळी, डिझेलच्या वासाची,
आणि सल्ला मिळतो, न मागता.
पत्र्याच्या भिंतीला टेकलेली तीन चाकं ग्रोआनं पाहिली:
तेहतीस, पस्तीस, अडतीस.
तिच्या जुन्या पॅट्रोलला आज एकतीसची आहेत
आणि मेंढ्या खाली आणायला पंधरा दिवस उरलेत.
वाटेत तीन नद्या.
त्यांतली मधली दरवर्षी जागा बदलते,
कुणाला कळवत नाही.

"चाकं मोठी करशील, पण ॲक्सलमधले गिअर?"
ओडगेर बोटांवर मोजतो. बोटं नऊच आहेत,
तरी हिशेब चुकत नाही.
"तुझं गुणोत्तर चार पूर्णांक एक.
पस्तीस घातलीस की इंजिनाला वाटणार, साडेतीनच्या थोडं वर.
म्हणजे असं बघ,
पाऊल लांबलं, गुडघे तेच.
सपाटीला ऐट,
चढाला धाप."

"आणि गिअर बदलायला किती?"
त्यानं आकडा सांगितला.
तिनं कप खाली ठेवला.
एवढ्यात अकरा मेंढ्या येतात, एक मेंढा,
वर कुंपणाची तार.

"मग उचलून दाखव.
चाक फुटायचं तर तिथंच फुटणार
जिथं तू आणि वारा, दोघंच असाल.
उचलेल तेवढंच घे."

तेहतीस तिनं उचललं, कोकरू उचलावं तसं.
पस्तीसला गुडघा लावावा लागला,
दातांत एक शिवी धरावी लागली,
पण चढलं मागच्या दारावरच्या खुंटीला.
अडतीस चार बोटं उठलं
आणि पुन्हा बसलं,
जागेचं मालक असल्यासारखं.

"पस्तीस," ती म्हणाली.
तिचं वय एकसष्ट. हे तिनं सांगितलं नाही,
त्यानं विचारलं नाही.
मडगार्डची कड त्यानं हातोड्यानं आत वळवली,
आणि तो आवाज खोऱ्यात बराच वेळ कुणाला तरी शोधत फिरला.

मग शिकणं.
पाचवा गिअर विसरायचा;
तो आता उतारापुरता, तोही वारा पाठीशी असेल तर.
ब्रेक आधी दाबायचा, घाबरण्याच्याही आधी.
नदीत उतरताना लो रेंज,
आणि मध्यावर क्लचला पाय लावायचा नाही,
पाणी दारातून आत येऊन
विचारपूस करू लागलं तरी.

काटा ऐंशी म्हणतो तेव्हा गाडी नव्वदला असते.
तिनं काचेवर, ऐंशीपाशी, जखमेवरची पट्टी चिकटवली.

पुढच्या उन्हाळ्यात तपासणी.
ओडगेर आत डोकावला. "दहा हजार झालेत."
"सव्वाअकरा," ती म्हणाली.
"हां. शंभर लिहितं, चालते एकशे तेरा.
मीटर दुरुस्त करून देतो, दहा मिनिटांचं काम."

ग्रोआ गप्प राहिली.
कुठल्याच खात्यात नसलेले सव्वा हजार किलोमीटर.
मधली नदी एकदा उगीचच ओलांडली होती,
पलीकडे काही नव्हतं, शेवाळ होतं,
आणि ती बसून राहिली होती ओले मोजे इंजिनावर वाळत घालून.
आणि फेब्रुवारीतली ती रात्र:
शेजारचा केतिल, एगिल्सस्टादिरच्या दवाखान्यापर्यंत
वाटभर एकच बोलला,
तुझी गाडी फार आवाज करते.
परतताना शेजारची सीट मोकळी होती
आणि तिच्या पट्ट्याची सूचना उगाचच
दिवा लावून बसली होती.

"राहू दे," ती म्हणाली.
"लिहिलं पाहिजेच असं काही नाही."

गॅरेजच्या फाटकाबाहेर लगेच चढ आहे.
इंजिनानं काही म्हणायच्या आत
तिनं एक गिअर खाली घेतला.